सुरुंगापासून भूसुरुंगापर्यंत : स्फोटाचा आघात अडवण्याचा इतिहास

(१/२४)
१६६० साली चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज उडाला, तो सुरुंगाने. २०१९ साली गडचिरोलीच्या रस्त्यावर १६ जणांचे प्राण गेले, ते भूसुरुंगाने. मराठीत शब्द जवळपास तोच राहिला. मधल्या साडेतीनशे वर्षांत स्फोटकांचे बळ मात्र कैक पटींनी वाढले आणि त्यापासून माणूस वाचवण्याचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. स्फोटांचा इतिहास पुष्कळ सांगितला जातो, बचावाचा फारसा नाही. हा धागा त्या बचावाच्या इतिहासाचा आहे. तो तटबंदीपासून निघून आजच्या पॉलिमर नॅनोकॉम्पोझिट पदार्थांपर्यंत जातो.

(२/२४)
आरंभ नवेगाव बांधपासून करू. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगरांमध्ये मातीची पार घालून पाणी अडवले गेले. पश्चिमेला भंडारा, जिथे देशाच्या सैन्यासाठी स्फोटके तयार होतात. दक्षिणेला गडचिरोली, जिथे अनेक वर्षे रस्त्याखाली स्फोटके पेरली गेली. स्फोटाच्या इतिहासाची ही दोन टोके या एकाच भूभागात आहेत. म्हणून हा विषय इथल्या माणसाला प्रयोगशाळेतला राहत नाही.

(३/२४)
तलावाच्या पारेकडे नीट पाहिले तर बचावाचे पहिले तत्त्व तिथेच सापडते. पार पाणी अडवते. परंतु पुराचे सगळे पाणी अडवण्याचा हट्ट ती धरत नाही. जादा पाण्यासाठी सांडवा असतो आणि शेताला लागेल तेवढे पाणी तुडुमातून सोडले जाते. सांडवा नसलेली पार कितीही जाड केली तरी एखाद्या मोठ्या पुरात वाहून जाते. किती अडवायचे, किती वळवायचे आणि किती हळूहळू जाऊ द्यायचे, हा हिशेब कोहळी समाजाच्या बांधकामात होता. स्फोटाच्या बाबतीत तोच हिशेब शिकायला जगाला बराच काळ लागला.

(४/२४)
आता चाकण. १६६० च्या उन्हाळ्याअखेर शाहिस्तेखानाने संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी जवळपास दोन महिने हा भुईकोट लढवला. तोफांनी काम होईना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून ते बुरुजाच्या पायाशी नेले, त्यात दारू ठासली आणि बत्ती दिली. बुरूज त्यावरील लोकांसह उडाला. त्या काळी दारूगोळ्यापासूनचा बचाव म्हणजे जाडी आणि वजन. तटाची रुंदी वाढवा, मागे मातीची भर घाला, बुरूज गोल करा. तोफगोळ्यापुढे हे उपाय टिकत. पायाखालून येणाऱ्या स्फोटापुढे मात्र तटाचे वजन उपयोगी पडले नाही.

(५/२४)
चाकणची दारू आणि आजचे स्फोटक यांत एक मूलभूत भेद आहे. काळी दारू जळते, फार वेगाने जळते, आणि तिचा वायू कोंडला की भोवतालचे सगळे ढकलून देतो. १८६३ मध्ये टीएनटी आणि १८६७ मध्ये डायनामाइट आले, तेव्हा खेळच पालटला. या स्फोटकांत रासायनिक क्रिया ध्वनीच्या वेगालाही मागे टाकून, सेकंदाला काही किलोमीटर अशा गतीने, पदार्थातून धावते. काळी दारू ढकलते, तर उच्च स्फोटक अक्षरशः हाणते. या हाणण्यातून हवेत जो तरंग उठतो त्याला आघात-तरंग, म्हणजे शॉक वेव्ह, म्हणतात.

(६/२४)
हा तरंग कसा असतो? साध्या ध्वनीत हवेचा दाब हळूच वाढतो आणि हळूच ओसरतो. आघात-तरंगात दाब भिंतीसारखा एकदम चढतो, काही सहस्रांश सेकंदांत उतरतो, आणि मग क्षणभर नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो. म्हणून स्फोटानंतर काही खिडक्यांच्या काचा बाहेरच्या बाजूलाही पडलेल्या दिसतात. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक-तृतीयांश इतका जादा दाबही कानाचा पडदा फाडू शकतो. तरंग भिंतीवर आदळून परतला की तिथला दाब दुप्पट, आणि तीव्र स्फोटात त्याहून कितीतरी अधिक होतो. बंद खोलीतला स्फोट मोकळ्या मैदानातल्या स्फोटाहून घातक ठरतो, त्याचे हे एक कारण.

(७/२४)
या तरंगाचे गणित एकोणिसाव्या शतकात मांडले गेले. स्कॉटलंडचा रँकिन आणि फ्रान्सचा ह्युगोनियो यांनी तरंगाच्या पुढील-मागील दाब, घनता आणि वेग यांचे नाते सांगितले. १८९९ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने शॉक ट्यूब बनवली. नळीच्या एका भागात दाबलेला वायू, मध्ये पडदा, आणि पडदा फुटताच नळीतून धावणारा तरंग. १९१४ मध्ये इंग्लंडच्या बर्ट्रम हॉपकिन्सन याने पोलादी दांड्यातून जाणारा आघात मोजण्याची युक्ती काढली. या दोन्ही उपकरणांच्या सुधारित आवृत्त्या आजही संरक्षक पदार्थ तपासण्यासाठी वापरतात.

(८/२४)
हॉपकिन्सनचा आणखी एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जर्मनीच्या क्रान्झनेही तो स्वतंत्रपणे मांडला. स्फोटक ८ पट केले तर तोच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो; १,००० पट केले तर १० पट अंतरावर. म्हणजे अंतराचा संबंध स्फोटकाच्या घनमुळाशी आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की अंतर ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची ढाल आहे. दारूगोळ्याची कोठारे एकमेकांपासून लांब, मातीच्या बांधांआड का ठेवतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

(९/२४)
हा हिशेब महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांनी पाहिला तो १४ एप्रिल १९४४ रोजी. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा, त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. दुपारी आग लागल्याचे दिसले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. दूर शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचे अंदाज सुमारे ८०० पासून १,३०० पर्यंत सांगितले जातात. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान कामी आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तो त्यांच्या स्मृतीसाठी.

(१०/२४)
घनमुळाचा नियम इथे लावून पाहा. १,४०० टन म्हणजे १.४ किलोच्या दहा लाख पट. दहा लाखाचे घनमूळ १००. म्हणजे १.४ किलो स्फोटक १० मीटरवर जो दाब देते, तोच दाब १,४०० टन स्फोटके, सगळी एका क्षणी फुटली असे धरले तर, १ किलोमीटरवर देतात. गोदीला लागून दाट वस्ती होती. १ किलोमीटरच्या आत हजारो माणसे राहत होती. शिवाय माणसे केवळ दाबाने मेली नाहीत. उडालेले लोखंड, कोसळलेल्या भिंती, फुटलेल्या काचा आणि पेटलेला कापूस यांनी मोठा संहार केला. बचावाचा विचार करताना म्हणूनच दाब, तुकडे, फेकले जाणे आणि आग असे चार शत्रू वेगवेगळे मोजावे लागतात.

(११/२४)
दाब शरीराला नेमके काय करतो, हे कळायला युद्धे लागली. पहिल्या महायुद्धात अंगावर जखम नसलेले, पण सुन्न झालेले सैनिक रुग्णालयांत येऊ लागले. १९१५ मध्ये 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लेखनात आला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा सॉली झुकरमन या शास्त्रज्ञाने सशांसारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. दाब नाकातोंडातून फुप्फुसात शिरतो, असा समज होता. झुकरमनने दाखवले की तरंग छातीच्या भिंतीवर आदळतो आणि फुप्फुसाची इजा तिथून होते. जाड स्पंजी रबराचे आवरण घातलेल्या सशांना इजा कमी झाली.

(१२/२४)
यावरून एक सोपा निष्कर्ष निघत होता. अंगावर मऊ थर घाला, आघात शोषला जाईल. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केवलार हा विलक्षण मजबूत पॉलिमर धागा जन्मला, आणि त्याच्या कापडाची चिलखते आली. गोळ्या आणि तुकडे यांपासून या चिलखतांनी असंख्य सैनिक वाचवले. साहजिकच, जे तुकड्यांपासून वाचवते ते दाबापासूनही वाचवत असेल, असे गृहीत धरले गेले. १९८८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेंढ्यांवर हे तपासून पाहिले. कापडी चिलखत घातलेल्या मेंढ्यांच्या फुप्फुसांना चिलखत नसलेल्या मेंढ्यांपेक्षा अधिक इजा झाली होती.

(१३/२४)
असे का व्हावे? दोन पदार्थांच्या सीमेवर तरंगाचा किती भाग आत शिरेल, हे त्यांच्या प्रतिबाधेवर ठरते. प्रतिबाधा म्हणजे घनता गुणिले पदार्थातील ध्वनीचा वेग. हवा आणि पाणी यांच्या प्रतिबाधेत सुमारे साडेतीन हजार पटींचे अंतर आहे, आणि आपले शरीर बरेचसे पाण्यासारखे. त्यामुळे हवेतून आलेल्या तरंगाचा मोठा भाग त्वचेवरून परततो. मध्ये सौम्य प्रतिबाधेचा थर आला की तो पायरीचे काम करतो. एका उंच उडीऐवजी दोन सोप्या पायऱ्या. तरंगाला आत जाणे सुकर होते. शिवाय पातळ स्पंज पूर्ण दबला की छातीवर आपटतो, तो आघात वेगळाच.

(१४/२४)
याचा उलगडा १९९० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी केला. मऊ फेस एकटाच घातला तर इजा वाढते. त्याच फेसाच्या पुढे एक ताठ, जड पत्रा ठेवला तर इजा लक्षणीय घटते. पुढचा कठीण थर तरंग परतवतो आणि सावकाश हलतो. मागचा मऊ थर त्या हालचालीला वेळ मिळवून देतो.  पुढे कठीण, मागे मऊ. झुकरमनच्या सशांचे आवरण जाड होते म्हणून ते वाचले. पातळ आवरणाला तो नियम लागू नव्हता. पदार्थाची निवड, जाडी आणि क्रम या तिन्ही गोष्टी एकत्र ठरवाव्या लागतात.

(१५/२४)
इमारतींच्या बाबतीतही हीच गोष्ट पुढे आली. २५ जून १९९६ रोजी सौदी अरेबियातील खोबर टॉवर्स या इमारतीबाहेर ट्रकमध्ये स्फोट झाला आणि १९ अमेरिकी हवाई सैनिक ठार झाले. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकी हवाई दलाच्या संशोधकांनी एक साधा वाटणारा पदार्थ भिंतींवर फवारून पाहिला. ट्रकच्या हौद्याला आतून गंज आणि ओरखडे लागू नयेत म्हणून जे रबरी लेपन करतात, त्याच कुळातला पॉलियुरिया. लेप दिलेली भिंत स्फोटाने तडकली, वाकली. पण तिच्या विटा गोळ्यांसारख्या खोलीत उडाल्या नाहीत. लेपाने त्या पदरात धरून ठेवल्या.

(१६/२४)
मग हाच लेप पोलादी पत्र्यांवर चढला आणि पुन्हा क्रमाचा प्रश्न आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो संकुलात सिया नेमत-नासर यांच्या गटाने तो तपासला. पॉलियुरियाचा थर पत्र्याच्या मागच्या, म्हणजे स्फोटाच्या विरुद्ध बाजूला असेल, तर पत्रा फाटणे कमी होते. तोच थर स्फोटाच्या बाजूला असेल, तर काही परिस्थितींत पत्र्याची हानी वाढते. पॉलियुरियाचे बळ त्याच्या रचनेत आहे. त्याच्या मऊ रेणुजाळ्यात काही नॅनोमीटर आकाराच्या कठीण गाठी विखुरलेल्या असतात. हळू ताणले तर तो रबर. आघाताच्या वेगाने ताणले तर क्षणभर काचेसारखा ताठ, आणि त्या बदलात बरीच ऊर्जा उष्णता होऊन खर्ची पडते.

(१७/२४)
निसर्गतः घडणाऱ्या या गाठी आपण हेतुपुरस्सर घालू शकतो का? या प्रश्नातून नॅनोकॉम्पोझिटची कल्पना समजते. पॉलिमरला मराठी विज्ञानग्रंथांत बहुवारिक म्हणतात. लहान रेणूंची लांबलचक साखळी. अशा साखळ्यांच्या जाळ्यात नॅनोमीटर मापाचे, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबातले, कण मिसळले की नॅनोकॉम्पोझिट तयार होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये वजनाने ५ टक्क्यांहून कमी चिकणमाती मिसळली. नायलॉनचा ताठपणा जवळपास दुप्पट झाला. मोटारीच्या इंजिनावरील एका आवरणासाठी तो वापरातही आला.

(१८/२४)
ती चिकणमाती आपल्याला परकी नाही. तिच्यातले मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट; आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीत ते विपुल असते. ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. कारण या खनिजाचे पापुद्रे सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे असतात, आणि पाणी त्यांच्यामध्ये शिरते. रसायनशास्त्रज्ञ पाण्याऐवजी पॉलिमरच्या साखळ्या तिथे शिरवतात. त्यासाठी आधी मातीवर सेंद्रिय आयनांची प्रक्रिया करून तिला पॉलिमरशी जुळवून घ्यायला लावतात. पापुद्रे सुटे झाले की मूठभर मातीतून प्रचंड पृष्ठभाग मोकळा होतो.

(१९/२४)
प्रचंड म्हणजे किती, ते पाहा. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे १ नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो, म्हणजे सुमारे दीड एकर. या प्रत्येक सीमेवर पॉलिमर आणि कण एकमेकांना धरून असतात. आघात आला की साखळ्या कणांवरून घसरतात, भेग कणाला वळसा घालत पुढे सरकते, आणि या घर्षणात ऊर्जा खर्च होते. चिकणमातीखेरीज सिलिका, ग्राफीन आणि कार्बनच्या नॅनोनळ्या यांवरही जगभर काम चालू आहे. नॅनोनळ्यांना शास्त्रीय जगाच्या केंद्रस्थानी आणले ते जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाने.

(२०/२४)
इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नॅनोकण आघात-तरंगाला 'अडवत' नाहीत. पदार्थातून तरंग सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने गेला आणि दाब १ सहस्रांश सेकंद टिकला, तर त्या स्पंदाची लांबी २ मीटर झाली. अब्जांश मीटरचा कण त्याला दिसतही नाही. कण बदलतात तो पदार्थाचा चिवटपणा. थर एकमेकांपासून उशिरा सुटतात, भेग उशिरा पसरते. दुसरी अडचण मिसळण्याची. कण एकत्र येऊन गुठळी झाली की तीच गुठळी भेगेचा आरंभबिंदू ठरते. प्रमाण वाढवत नेले तर पदार्थ ठिसूळ होतो. तळहाताएवढ्या नमुन्यावरचे यश वाहनाच्या तळाएवढ्या तावावर टिकेलच, असेही नाही.

(२१/२४)
या शास्त्राशी संबंधित अनेक संस्था महाराष्ट्रात आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्यरत आहे आणि पॉलिमर विज्ञान हा तिचा जुना प्रांत. १९०८ मध्ये नैनितालला स्थापन झालेली स्फोटकांची प्रयोगशाळा १९६० मध्ये पुण्याला आली; तीच आजची एचईएमआरएल. अंबरनाथला नौदलासाठीच्या पदार्थांची प्रयोगशाळा आहे, तर अहिल्यानगरला लष्करी वाहनांची. पुण्याच्या दिघीतील संस्थेने 'दक्ष' हा यंत्रमानव बनवला. तो बॉम्बजवळ माणसाऐवजी स्वतः जातो. घनमुळाच्या नियमाचा हा सर्वांत शहाणा वापर म्हणावा लागेल, कारण त्यात माणूस लांबच राहतो.

(२२/२४)
आता नवेगाव बांधच्या दोन दिशांकडे वळू. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळले आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिशेला, २७ मार्च २०१२ रोजी गडचिरोलीतील पुस्टोला गावाजवळ भूसुरुंगस्फोटात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १२ जवान गेले. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि त्यांचा चालक असे १६ जण गेले. ते एका साध्या खाजगी वाहनातून चालले होते. १ मे हा महाराष्ट्र दिन, आणि १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचा स्थापनादिनही.

(२३/२४)
अशा स्फोटांसाठी खास वाहने आहेत. १९७० च्या दशकात ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी 'व्ही' आकाराच्या तळाची वाहने घडली. सपाट तळ तरंगाला सामोरा जातो, तिरका तळ त्याला दोन बाजूंना वळवतो. उंच चाके अंतर वाढवतात. वर्णभेदी राजवटीत बनलेले 'कॅस्पिर' पुढे भारतानेही घेतले, आणि मेदकच्या आयुध निर्माणीत 'आदित्य' हे भूसुरुंगरोधक वाहन तयार होऊ लागले. तरीही ३ सप्टेंबर २००५ रोजी छत्तीसगडमधील विजापूर भागात असेच भूसुरुंगरोधक वाहन उडवले गेले आणि २० हून अधिक जवान मारले गेले. वाहन ठरावीक वजनाच्या स्फोटकासाठी बांधलेले असते. पेरणाऱ्याने त्याहून अधिक पेरले, तर आतल्या माणसाला वाचवणे कठीण होते.

(२४/२४)
म्हणून बचावाचे थर क्रमाने मोजले पाहिजेत. पहिला थर माहितीचा आणि नियमाचा : रस्ता तपासल्याखेरीज वाहन न नेणे, धोक्याच्या पट्ट्यात पायी चालणे. कारखान्यात याच थराला एका खोलीत मोजकीच माणसे आणि मोजकेच स्फोटक ठेवणे म्हणतात. दुसरा थर अंतराचा, तिसरा आकाराचा, चौथा थरांच्या क्रमाचा. पॉलिमर नॅनोकॉम्पोझिट पाचव्या क्रमांकावर येते. त्याचे मोल मोठे आहे, कारण तळाच्या पत्र्याचे काही सेंटिमीटर कमी वाकणे म्हणजे आतल्या जवानाचे पाय वाचणे. पण आधीचे चार थर गाळले, तर पाचव्याकडून चमत्काराची अपेक्षा धरणे त्या जवानावर अन्याय करणारे आहे. चाकणपासून जांभुळखेड्यापर्यंतचा इतिहास वाचताना 'स्फोट केवढा होता' याबरोबर 'कोणता थर गाळला गेला होता' हा प्रश्नही विचारत चला. वाचकहो, धागा इथे पूर्ण होतो. आपल्या परिसरातील जुन्या सुरुंगांच्या, दारूखान्यांच्या नोंदी ठाऊक असतील तर खाली अवश्य लिहा.